नाटकात नसलेला सातवा आवाज

मित्रांनो, मला तुम्ही ओळखता. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माझे भाऊबंद असतात. रबरी हातोडीने त्यांना ठोकायचे आणि पाण्याला टेकवून शिंतोडे उडवायचे, हा तुमचा आवडता उद्योग. मीही नादकाटाच, पण प्रयोगशाळेतला नव्हे. गाणाऱ्या माणसांच्या खिशात माझे आयुष्य गेले. वय विचाराल तर शंभरी कधीच उलटली. वर दोन पोलादी बाहू, खाली एक दांडा आणि पोटात एकच सूर, एवढीच माझी मिळकत. एकच सूर येणाऱ्याला गोडीगुलाबीने बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या घरच्या माणसांवर, म्हणजे साल्झबुर्गजवळच्या पेरवाइन कुटुंबावर, एक संगीत नाटक निघाले आणि ते जगभर गाजले. त्यात सहा गोजिरवाणी मुले आहेत. ती गातात, नाचतात, दुष्टांना चकवतात आणि शेवटी आईबापांचा हात धरून डोंगर ओलांडून पळून जातात. प्रेक्षक गुणगुणत घरी जातात. मित्रांनो, डोंगर कुणीही ओलांडला नाही. सगळे सकाळच्या गाडीने गेले, रीतसर तिकिटे काढून. आणि गाणारी मुले सहा नव्हती, सात होती. सातवीचे काय झाले, ते सांगायला मी उरलो आहे.

माझा जन्म व्हिएन्नातल्या एका तळघरातल्या कारखान्यात झाला. तिथला म्हातारा कारागीर मला कानसेने घासायचा, गुडघ्यावर आपटायचा, कानाला लावायचा आणि एक शिवी हासडायचा. टोकाशी घासले की माझा सूर चढे, बुंध्याशी घासले की उतरे. दोन दिवस आमचे हे भांडण चालले. तिसऱ्या दिवशी त्याने मला कानाला लावले आणि तो काहीच बोलला नाही. त्याच्याकडे कौतुक म्हणजे एवढेच असे.

तिथून मी फादर कोलोमान यांच्या झग्यात आलो, तपकिरीच्या डबीशेजारी. हे फादर गोलमटोल, खाण्याचे शौकीन आणि सुराच्या बाबतीत महाखडूस. हिंटरआउ गावात डॉक्टर एगिड पेरवाइन यांच्या घरी ते दर रविवारी जेवायला जात. डॉक्टर घोड्यांचे. बादशहाच्या घोडदळात नोकरी केलेला, हळू बोलणारा माणूस. पहिली बायको गेल्यावर त्यांनी शेजारगावच्या खाणावळवाल्याची मुलगी ओटिली हिच्याशी लग्न केले होते, आणि तिचा आवाज इतका दणदणीत होता की डॉक्टरांना हळू बोलण्यावाचून गत्यंतरच उरले नसावे. थोरला अल्बान ते धाकटी आफ्रा अशी सहा मुले. सातवी बुर्गी. तिचे पूर्ण नाव वाल्बुर्गा.

बुर्गी पेरवाइन नव्हती. ती डॉक्टरांच्या मोतद्दाराची मुलगी. घोड्याची लाथ छातीत बसून तिचा बाप मेला, त्या दिवशी डॉक्टर तिला कडेवर घेऊन घरी आले आणि म्हणाले, "ही आता इथेच जेवेल." बस्स. कागद नाही, सही नाही. त्या भागात पोर सांभाळायला कुणी कागद करत नसे. ती डॉक्टरांना बाबा म्हणे आणि पुढे ओटिली आली तेव्हा तिला आई म्हणू लागली.

फादर जेवणानंतर मुलांना चार आवाजांत गायला शिकवायचे. बुर्गी सगळ्यांत खालचा आवाज गायची. गाणे ऐकणाऱ्याचे तिच्याकडे लक्षच जात नसे. पण एकदा ती घसा धरून गप्प बसली, तेव्हा उरलेले सहा जण असे काही विस्कटले की फादर चमचा टाकून उठले. त्याच दिवशी त्यांनी मला खिशातून काढून तिच्या हातात दिले. "आजपासून सूर तू द्यायचास," म्हणाले. तेव्हा ती दहा वर्षांची होती.

अल्बानला ते झोंबले. "बुर्गे, तुझा आवाज म्हणजे तळघरातला बटाटा," तो म्हणाला.

"मग हिवाळ्यात काय खाशील रे? वरचा आवाज?" बुर्गी म्हणाली, आणि डॉक्टरसुद्धा मोठ्याने हसले.

ती मला गुडघ्यावर अलगद आपटायची, माझा दांडा कानामागच्या हाडाला टेकवायची, आणि मग तोच सूर इतक्या हळू गुणगुणायची की तो फक्त त्या सहा जणांना ऐकू जाई. आफ्रा लहान होती; तिच्या कपाळाला ती मला टेकवायची. आफ्रा खुदखुदायची, "डोक्यात माशी शिरली!"

बुर्गीला एक दुखणे होते. वर्षातून दोनतीनदा तिला फेफरे येई. आधी तिची गुणगुण खाली घसरू लागे, मग डोळे फिरत, मग ती कोसळे. गावात अशा माणसाला फार वाईट शब्द होता. ओटिलीने तो शब्द घरात बंद करून टाकला. तिच्या घरात म्हणायचे, "बुर्गीचा सूर उतरला." तेवढे म्हटले की अल्बान उशी आणायचा, मधल्या मुली टेबल सरकवायच्या आणि आफ्रा बाहेर कुणी नाही ना, ते बघायची. दहा मिनिटांनी बुर्गी उठून बसे आणि पुन्हा गाणे सुरू होई. हा शब्द त्या घरातच जन्मला आणि घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हता. हे लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण याच शब्दाने घात केला.

पुढची काही वर्षे माझी सुखाची. चर्चमध्ये, जत्रांमध्ये, मग साल्झबुर्गच्या मोठ्या सभागृहात पेरवाइन मुले गाऊ लागली. अमेरिकेतून एका माणसाने दौऱ्याचे पत्र पाठवले. त्यावर घरात नुसती थट्टा चालली होती, कारण ओटिलीला जत्रेतल्या पाळण्यात बसले तरी घेरी येई, मग बोट कुठली.

१९३८ च्या मार्चमध्ये सरहद्द ओलांडून जर्मन रणगाडे आले आणि थट्टा संपली. आठवड्याभरात गावात घरोघरी स्वस्तिकाचे लाल झेंडे लागले. गावचा शिंपी त्सीगलर रातोरात त्यांच्या पक्षाचा साहेब झाला आणि बुटांचा आवाज करत डॉक्टरांच्या अंगणात आला.

"डॉक्टर, लिन्झला मोठी सभा आहे. तुमच्या मुलांनी गायचंय."

"मुलांचा घसा बसलाय," डॉक्टर म्हणाले.

"सातांचाही?"

"घरात एकाला खोकला झाला की सगळ्यांना होतो."

त्सीगलरने गोठ्याकडे पाहिले. मग जुन्या ओळखीला जागून म्हणाला, "अल्बान एकोणीसचा झाला ना? फौजेच्या बरॅकमधून बोलावणं येईलच त्याला. डॉक्टर, पुढच्या वेळी विचारायला मी येणार नाही. दुसरे येतील. ते खोकला बघत नाहीत."

तो गेल्यावर ओटिलीने ते अमेरिकेचे पत्र काढले.

अमेरिकेला जायचा परवाना घ्यायला सगळे व्हिएन्नाला गेले. मी बुर्गीच्या खिशात होतो. वकिलातीत प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता: घरात कुणाला फिट्स येतात का? अमेरिकेचा कायदाच तसा होता, फेफरे येणाऱ्या माणसाला त्या देशात प्रवेश नव्हता. डॉक्टर एगिड आयुष्यात कधी खोटे बोलले नव्हते. (खोकल्याचे सोडा.) त्यांनी तो रकाना कोराच ठेवला, हे बुर्गीने पाहिले.

तपासणीचा डॉक्टर मोठा हसतमुख होता. त्याने सगळ्यांच्या छात्या, दात, डोळे पाहिले. बुर्गीचेही पाहिले आणि शिक्का उचलला. शेवटी आफ्राला त्याने टेबलावर बसवले. सहा वर्षांची पोर, दोन वेण्या, एक दात पडलेला. तो मोडक्या जर्मनमध्ये गमतीने म्हणाला, "काय गं, सगळे गाणारे म्हणे तुम्ही? मग खरं सांग, बेसूर कोण होतं?"

"बुर्गीचा सूर उतरतो," आफ्रा लगेच म्हणाली.

"असं? मग तुम्ही काय करता?"

"दादा उशी आणतो. आणि मी दारात उभी राहते, कुणी बघू नये म्हणून."

तो डॉक्टर हसायचा थांबला. त्याने बुर्गीकडे पाहिले, तिच्या भुवईवरचा जुना व्रण पाहिला, पडल्याची खूण. मग शिक्का खाली ठेवला. "ही मुलगी कागदावर तुमची आहे?" त्याने विचारले.

"कागदावर नाही," डॉक्टर एगिड म्हणाले.

"मग कागदावर तुमचं कुणीच मागे राहत नाही," तो म्हणाला. दुष्टपणे नव्हे, उलट थोडे सोपे करून द्यावे म्हणून. आफ्रा एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आपण खरे उत्तर दिले आणि कुणीच शाबासकी का देत नाही, हे तिला कळेना.

घरी आल्यावर दुपारी स्वयंपाकघरात बोलणे झाले. क्नोडलचे, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांचे, पातेले गार होत होते, कुणी ताट वाढून घेतले नाही.

"आपण राहू. सगळेच राहू," डॉक्टर म्हणाले.

"अहो, आणि अल्बान? तो बंदूक धरणार त्यांच्यासाठी? आणि तुम्हांला नेलं तर मी सात पोरांना कुठे लपवू?" ओटिली म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला.

"मला संत गेर्ट्राउडच्या आश्रमातल्या सिस्टरांकडे ठेवा," बुर्गी म्हणाली. "त्या आजाऱ्यांना सांभाळतात. कपडे धुवायला त्यांना माणूस हवंच असतं."

"सहा महिने गं," ओटिली म्हणाली. "फक्त सहा महिने. तिथे पाय रोवले की कुणाच्याही पाया पडेन, पण तुला बोलावून घेईन."

"हो, आई."

"रडू नकोस."

"मी कुठे रडतेय? तुम्हीच रडताय," बुर्गी म्हणाली आणि ताटे वाढायला उठली.

इटलीची गाडी सकाळची होती, तिथून पुढे बोट. फिरायला निघाल्यासारखे पाठीवर पिशव्या लावून सगळे निघाले, म्हणजे कुणाला शंका नको. फलाटावर बुर्गीने मला ओटिलीसमोर धरले. ओटिलीने तिची मूठ मिटवली. "तुझ्याकडेच असू दे. आम्ही तिकडे पियानोवरून सूर घेऊ कुठल्यातरी."

आफ्रा बुर्गीच्या जवळ यायला तयार नव्हती. ओठ घट्ट मिटून ती डब्याच्या कोपऱ्यात बसली होती. पुढे मला कळले, त्या दिवसापासून अकरा आठवडे ती एक शब्द बोलली नाही. गायची तेवढी.

संत गेर्ट्राउडच्या आश्रमात मी बुर्गीबरोबर तीन वर्षे काढली. तिचे काम धुलाईघरात. सोड्याच्या पाण्याने तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. दिवसाला चाळीस चादरी ती पिळायची, तेव्हा मी एप्रनच्या खिशात वाफेने ओला होई आणि मला डाग पडू लागले. ती रोज मला पुसायची. तिथे तिने वेडसर, दुबळ्या, कधी न बोलणाऱ्या बायकांना जमवून चार आवाजांत गायला शिकवले. आश्रमाच्या प्रमुख मदर म्हणायच्या, बिशपच्या चर्चमध्येही इतके सुरात गात नाहीत. मी साक्षीला होतो म्हणून सांगतो, मदर थोडे वाढवून बोलत, पण थोडेच.

अमेरिकेहून पत्रे येत. पहिल्यांदा दर आठवड्याला, मग महिन्याला. बसमधून गावोगाव गातो, अल्बानला इंग्रजी येऊ लागले, वकील म्हणतो पुढच्या वर्षी नक्की. सहा महिने कधीच सरले होते. बुर्गी पत्र वाचून उशाशी ठेवायची आणि चादरी पिळायला जायची.

आश्रमातली सिस्टर युसेबिया बुर्गीवर पोटच्या पोरीसारखी माया करायची. १९४० च्या शेवटी तिच्या टेबलावर बर्लिनहून फॉर्मांचा गठ्ठा आला. प्रत्येक आजाऱ्यामागे एक. नाव, वय, आजार किती वर्षे, भेटायला कोण येते, आणि शेवटचा रकाना: कोणते काम करू शकते? कशासाठी हवे, ते कुठेच लिहिले नव्हते.

तिने फादर कोलोमान यांना बोलावून घेतले. बुर्गी कोळसा भरत तिथेच होती.

"फादर, हे काय असेल?"

"काय असणार! लढाईला हात कमी पडताहेत," फादर म्हणाले. "धडधाकट दिसेल तिला उचलतील आणि तोफगोळ्यांच्या कारखान्यात बारा बारा तास उभं करतील. हिला यंत्रापाशी फिट आली तर? हात जाईल नाहीतर जीव."

"मग काय लिहू?"

"लिहा, काही येत नाही."

"खोटं लिहू? हिच्याइतकं काम आश्रमात कुणी करत नाही."

"लिहा आणि शनिवारी माझ्याकडे कबुली द्यायला या. मी माफी देऊन टाकीन," फादर म्हणाले आणि त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली. सिस्टर हसली. बुर्गीसुद्धा हसली. सिस्टरने दौतीत टाक बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिले: काम – काहीही नाही. फक्त गाते. भेटायला – कुणी येत नाही.

शनिवारी तिने कबुली दिली. फादरनी माफी दिली. आपण एक जीव वाचवला, असे वाटून दोघेही समाधानात होते.

वसंतात एक करडी बस आली. तिच्या काचांना रंग फासलेला होता. पांढरे कोट घातलेली माणसे उतरली, कोटाखाली लष्करी बूट. त्यांच्याकडे यादी होती. यादीतल्या प्रत्येकीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, नावाची पट्टी चिकटवायची होती. बुर्गीचे नाव होते.

"कुठे नेताय हिला?" सिस्टर युसेबियाने विचारले.

"दुसऱ्या दवाखान्यात."

"पण हिला काम येत नाही. मी लिहिलंय तसं. तुम्हांला कारखान्यासाठी माणसं हवीत ना?"

तो माणूस यादीवर खुणा करत होता. वर न बघता म्हणाला, "काम करणाऱ्यांना कोण हात लावतंय, सिस्टर? काम न करणाऱ्यांनाच न्यायचंय."

मित्रांनो, माझ्यावर आयुष्यभर ठोके पडले, पण सिस्टरच्या तोंडून तेव्हा जो आवाज निघाला, तसा दुसरा मी ऐकला नाही. "ती काम करते!" ती ओरडली. "रोज चाळीस चादरी धुते! हात बघा तिचे! मी खोटं लिहिलं होतं हो, माझी चूक झाली, तिचे हात बघा!"

"कागदावर तसं नाही," तो म्हणाला.

धातूची वस्तू बरोबर न्यायची नाही, असा हुकूम होता. बुर्गीने मला सिस्टरच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "याला ओला राहू देऊ नका. गंजतो." मग ती पायरी चढली. आत बायका रडत होत्या, एक किंचाळत होती. दार लागले. आणि रंगवलेल्या काचांमागून बुर्गीचा आवाज आला. ती त्या बायकांना सूर देत होती. मी तिच्याजवळ नव्हतो, तरी सूर तोच होता, माझाच, एका केसाचाही फरक नव्हता. एकेक करून बाकीचे आवाज त्यात मिळाले. बस फाटकाबाहेर वळेपर्यंत त्या गात होत्या.

तीन आठवड्यांनी छापील पत्र आले. वाल्बुर्गा न्यूमोनियाने वारली, संसर्ग टाळण्यासाठी तातडीने दहन केले, दुःखात सहभागी आहोत. तशीच पत्रे आणखी बऱ्याच घरी गेली, निरनिराळ्या आजारांची. बस जिथे जाई, त्या जुन्या किल्ल्याच्या धुराड्यातून कसला धूर निघतो, हे खालच्या गावात पोरासोरांनाही कळत होते. फादर कोलोमान त्यानंतर कुणाची कबुली घ्यायला बसले नाहीत. लढाई संपायच्या आधीच ते गेले.

ओटिली १९५० मध्ये आली. डॉक्टर एगिड अमेरिकेतच वारले होते. तिच्याबरोबर अठरा वर्षांची आफ्रा होती. सिस्टर युसेबियाने फडक्यात गुंडाळलेला मी टेबलावर ठेवला आणि पहिलेच वाक्य बोलली, "फॉर्म मी भरला होता."

"त्याच्या आधीचं मी बोलले होते," आफ्रा म्हणाली.

ओटिली हातमोजे काढत होती, ते तिला निघेनात. ते तसेच ठेवून ती म्हणाली, "मी सहा महिने म्हणाले होते." मग तिने पाणी मागितले.

अशा रीतीने मी अमेरिकेला गेलो. बुर्गीला जो कायदा आडवा आला, तो मला आला नाही. माझा फॉर्म कुणी भरला नाही.

काही वर्षांनी नाटकवाला आला. डोंगरातल्या त्यांच्या लाकडी घरात तो दोन दिवस राहिला, सगळे उतरवून घेत होता. दुसऱ्या दिवशी दुपारभर ओटिलीने त्याला बुर्गीची हकीकत सांगितली, काहीही न वगळता. त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याचेही डोळे भरले होते, उगाच खोटे कशाला बोलू. पण तो म्हणाला, "बाई, हे मी घातलं तर लोकांनी टाळ्या कधी वाजवायच्या?"

घर गळत होते, बस मोडली होती, गाणाऱ्या मुलांची लग्ने होऊन ती पांगली होती. "मग राहू द्या तिला," ओटिली म्हणाली.

मी टेबलावरच होतो. त्या क्षणी तिने बुर्गीला दुसऱ्यांदा फलाटावर सोडले. आफ्रा खुर्ची ढकलून बाहेर निघून गेली आणि मायलेकी पुढे वर्षभर बोलल्या नाहीत. मला ओटिलीचा राग आला होता आणि अजूनही येतो. पण पहिल्या प्रयोगाहून परत आल्यावर ती मला मुठीत धरून बसली होती आणि तिच्या मुठीला घाम फुटला होता, हेही सांगितले पाहिजे.

नाटकामुळे त्या घराला प्रवासी पाहायला येऊ लागले. मला काचेच्या पेटीत ठेवले, खाली पाटी लावली: गाणाऱ्या पेरवाइन कुटुंबाचा नादकाटा. एकदा पियानो जुळवायला आलेल्या माणसाने मला वाजवून पाहिले आणि तोंड वाकडे केले. "खराब झालाय हा. उतरलाय." मी उतरलो नव्हतो. माझ्या जन्माच्या वेळी व्हिएन्नात जो सूर ठरला होता, तोच मी धरून आहे. पुढे जगाने आपला सूर चढवून घेतला. पण काचेआडून कोण कुणाला समजावणार? पन्नासेक वर्षे प्रवासी माझ्यासमोर नाटकातली गाणी गुणगुणत गेले. सहा मुलांची नावे त्यांना पाठ असत.

आफ्रा ऐंशी उलटल्यावर एक दिवस काठी टेकत आली. एका शाळेची सहल आली होती. तिने पेटी उघडून मला बाहेर काढले आणि त्या मुलांना पहिल्यापासून सगळे सांगितले, टेबलावर बसून आपण काय बोललो तेही. दोन वेण्यांची एक चिमुरडी म्हणाली, "आजी, पण तुम्ही खरंच बोलला होता ना?"

"हो गं बाळ. खरंच बोलले."

"मग चूक कुणाची?"

"ते जे विचारत होते, ते त्यांना कशासाठी हवं होतं, हे आम्ही कुणीच विचारलं नाही," आफ्रा म्हणाली. मग तिने जुनी पाटी काढली आणि स्वतःच्या थरथरत्या अक्षरात नवी लिहिली: वाल्बुर्गाचा नादकाटा. आता येणारा प्रत्येकजण थांबतो आणि विचारतो, वाल्बुर्गा कोण? आणि कुणाला तरी सांगावेच लागते.

मित्रांनो, मला तेल नको, मखमल नको, काच पुसली नाही तरी चालेल. एवढेच करा. उद्या तुमच्यासमोर कुणी कागद ठेवील आणि विचारील, तुमच्या घरातल्या, वर्गातल्या, गल्लीतल्या अमक्या माणसाचा उपयोग काय? खरे लिहू की खोटे, या विचारात पडू नका. आमच्या माणसांनी खरे सांगून तिला गमावले आणि खोटे लिहूनही गमावले. तुम्ही टाक खाली ठेवा आणि विचारा, हे तुम्हांला कशाला हवे आहे? उत्तर मिळेपर्यंत त्या माणसाचा हात सोडू नका.